वारा चौदा होता

तारनाका, हैदराबाद
९ फेब्रुवारी २०२५

चि. तेजश्री,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडता बाजूला ठेवलं नसशील, असं धरून लिहितो आहे.

पत्ता तुझ्या बाबांनी दिला. गेल्या आठवड्यात मलकपेठला तुमच्या घरी गेलो होतो. नामदेवरावांनी बसवलं, चहा दिला. पण पूर्वी 'सर आले, सर आले' म्हणत फाटकापर्यंत यायचे, तसं काही झालं नाही. तुझा नंबर मागितला तर म्हणाले, "नंबर द्यायला बेटीनं मना केलंय, सर. पत्त्याचं काही बोलली नाही." मग चष्मा लावून स्वतःच्या हातानं लिहून दिला. तू सावंतवाडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतेस हे मला तिथेच कळलं. बरं वाटलं. संशोधन सोडलंस, पण झाडं सोडली नाहीस.

काम असं आहे. संशोधन केंद्रातून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. तरी या जानेवारीत मी आपल्या जंगलात जाऊन आलो. आदिलाबादकडचा तो रस्ता आता चांगला झालाय. पिंपरझरी गावाच्या वरचे आपले चारही भूखंड जागेवर आहेत, कोपऱ्यांचे दगडसुद्धा सापडले. तुला सांगायला नको, पण मी स्वतःसाठीच पुन्हा लिहून काढतो: पहिला जसाच्या तसा राखलेला. दुसऱ्यावर आपण दोन पावसाळे पारदर्शक पत्रे बांधून पाणी बाहेर काढलं होतं, म्हणजे तो कोरडा. तिसरा नुसता जाळलेला. आणि चौथा, दोन वर्षं कोरडा ठेवून मग जाळलेला.

तिसऱ्यात तेंदू मुळांतून इतका फुटलाय की एका खोडाच्या जागी सात-सात काठ्या उभ्या आहेत. ऐन आणि बिबळ्याची मोठी झाडं साल जाड म्हणून बरीचशी निभावली. चौथ्यात घाणेरी माजली आहे, कोयत्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. पण रोपांना बांधलेल्या नंबरांच्या पट्ट्या आगीत काळ्या पडून वाकल्या आहेत. कुठलं रोप कुठे होतं याचा हातानं काढलेला नकाशा फक्त तुझ्याकडे आहे. त्याची झेरॉक्स पाठवलीस तर सहा वर्षांनंतरची मोजणी पुरी करता येईल. एवढंच काम.

घरी सुलभा तुझी आठवण काढते. अंबाजी मध्यंतरी दिलसुखनगरला भेटला होता. बरा आहे.

तुझे सर,
मुकुंद सगरोळीकर

*

तारनाका
२ मार्च २०२५

चि. तेजश्री,

तुझं पाकीट मिळालं. तेरा पानं, एकेक रोप तुझ्या बारीक अक्षरात. सोबत चिठ्ठी नव्हती. शेवटच्या पानाच्या मागे एक ओळ मात्र होती: 'अंबाजीचा हात कसा आहे?'

मी आधी त्या नकाशाबद्दल दोन पानं लिहिली. सुलभानं ती वाचली आणि माझ्यापुढे परत ठेवली. "तिनं विचारलंय त्याचं उत्तर द्या," ती म्हणाली. "ते सोडून बाकी सगळं लिहाल तुम्ही, मला माहीत आहे."

तर ऐक. नोव्हेंबरात मी दिलसुखनगरला सुलभाचा चष्मा आणायला गेलो होतो. तिथे एका गल्लीत कोचिंग क्लासच्या मुलींचं हॉस्टेल आहे. फाटकाशी निळ्या गणवेशातला एक वॉचमन आल्यागेल्याचं नाव रजिस्टरात लिहीत होता. डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारखं, अक्षर अक्षर कोरत. मी पुढे गेलोही असतो. त्यानंच हाक मारली.

"सर? तुमी?"

आपल्या भूखंडांवर आठ वर्षं राखणदार असलेला अंबाजी. नुसत्या सालीवर हात फिरवून झाडाचं नाव सांगणारा. त्यानं स्वतःची खुर्ची मला दिली आणि उभा राहिला. उजवा हात खिशात होता. चहावाला आला तेव्हा नकळत बाहेर काढला, म्हणून मला दिसला. तीन बोटं एकमेकांना चिकटून एकच झाली आहेत. तळव्याची कातडी ताणलेली, चकचकीत. अंगठा तेवढा हलतो. मी पाहतोय हे कळल्यावर त्यानं तो सावकाश परत खिशात घातला.

हात असा आहे. 'बरा आहे' असं मी तुला लिहिलं ते खोटं होतं.

त्यानं मला दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, "तेजूताई कुठं हायेत?" मला माहीत नव्हतं. दुसरी, "चौथ्यातला तो लहाना बिबळा हाये का, सर?"

गुडघ्याएवढा बिबळा, तुला आठवत असेल. आपण आलो त्या पहिल्या वर्षी तू त्याला दोन वर्षांचा धरून वहीत लिहिलंस आणि अंबाजी हसला होता. त्याच्या लहानपणीही तो तेवढाच होता म्हणे. दर उन्हाळ्यात वरची काडी वाळून मरते, पावसात नवी येते, आणि खाली मूळ मात्र वर्षानुवर्षं जाड होत राहतं. आपण कडेनं उकरून पाहिलं तेव्हा मूळ मनगटाएवढं निघालं. वय तीसच्या पुढे. तू त्या संध्याकाळी वहीतली सगळी वयं खोडून नव्यानं लिहिलीस.

तर तो आहे का, हे मला सांगता आलं नाही. आगीच्या वर्षानंतर मी तिथे गेलोच नव्हतो. म्हणून जानेवारीत गेलो. मोजणी वगैरे नंतर सुचलं.

गाव का सोडलं, हे मी त्याला विचारलं नाही. मला ठाऊक होतं. आग भोवती साफ केलेली जाळरेषा ओलांडून खाली उतरली तेव्हा गावाची अकरा मोहाची झाडं होरपळली. त्या झाडांवर त्या लोकांचा अर्धा उन्हाळा चालतो. आणि ती आग अंबाजीनं इशाऱ्याआधीच लावली, असं आपल्या अहवालात लिहिलेलं आहे. सख्खा मोठा भाऊ उमाजी त्याच्याशी बोलेनासा झाला. त्या भागात जंगलातलं काम त्याला कोणी देईना. बायको आधीच गेलेली होती, तो एकटाच हैदराबादला आला.

'आपल्या' अहवालात, असं मी वर लिहिलं आहे. तुझी सही त्यावर नाही. खोडत नाही, चूक दिसू दे.

मुकुंद सगरोळीकर

*

तारनाका
१८ मार्च २०२५

तेजश्री,

तुझा नकाशा घेऊन आठ दिवस जंगलात होतो. गावात उतरलो नाही, वनखात्याच्या विश्रामगृहात राहिलो. आधी मोजणीचं सांगतो, कारण ते सोपं आहे.

तिसऱ्या भूखंडात, जो नुसता जाळला, तिथे दोनशे चौदा रोपांपैकी एकशे एक्कावन्न मुळांतून पुन्हा फुटून जिवंत आहेत. चौथ्यात, जिथे आधी दोन वर्षं पाणी तोडलं, दोनशे नऊपैकी अठ्ठावन्न. बिबळा त्या अठ्ठावन्नांत नाही. तुझ्या नकाशावरून जागा सापडली, उकरलं, मूळ भुसभुशीत झालेलं होतं. बोटानं दाबलं तर चुरा झाला.

केंद्रातल्या बैठकीत आपला वाद झाला होता. मी म्हणत होतो की दुष्काळ सोसलेलं रोप चिवट होतं, आगीलाही तेच टिकेल. तू म्हणालीस, पाणी नसलं की पानं लवकर गळतात, पानं नसली की मुळात अन्न साठत नाही, आणि जळाल्यावर पुन्हा फुटायचं असतं ते त्या साठ्याच्या जोरावर. "रिकाम्या मुळातून काय फुटणार, सर?" मी सगळ्यांसमोर हसलो होतो. तुझं बरोबर होतं.

मोठ्या झाडांचंही एक आहे. चौथ्यातले सहा ऐन आगीनंतर दोन वर्षं हिरवेगार होते, असं तिथला वनरक्षक सांगतो. तिसऱ्या उन्हाळ्यात एकामागून एक वाळले. सालीआडचा जिवंत थर एका बाजूनं मेला असणार, पाणी वर चढायची वाट अर्धीच उरली असणार. साध्या वर्षात ती पुरली. कडक उन्हाळ्यात पुरली नाही. आपण आगीनंतर सहा महिन्यांनी मोजून 'मोठी झाडं सुरक्षित' असं छापून मोकळे झालो होतो. छापून मोकळा झालो होतो, मी.

आता दुसरं.

१२ मार्च २०१९. सकाळचे नऊ. तू चौथ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरात मोजायचं यंत्र धरून उभी होतीस. तू ओरडून सांगितलंस, "सर, चौदा. मधेच एकोणीस जातोय. दहाच्या वर असला तर लावायची नाही, असं आपणच लिहिलंय."

मी म्हणालो, "पंधरा तारखेला परवानगी संपते. दोन वर्षं थांबलोय यासाठी."

अंबाजीच्या हातात पेटता टेंभा होता. त्यानं आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थांबू का, सर?"

"लाव," मी म्हणालो.

इथपर्यंतचं तू पाहिलं आहेस. दहा मिनिटांत वारा फिरला, आग रेषेवरून उडाली आणि तू माणसं बोलवायला गावाकडे धावलीस. त्यानंतरचं तुला माहीत नाही. ते कोणालाच माहीत नाही, आम्हा दोघांशिवाय.

मातीतल्या ओलाव्याची नोंद ठेवणाऱ्या तीन पेट्या चौथ्यात तशाच राहिल्या होत्या. आग लावण्याआधी त्या काढायच्या, हे काम मी स्वतःकडे ठेवलं होतं आणि विसरलो. दोन वर्षांची नोंद त्यांत होती. मी अंबाजीला म्हणालो, "पेट्या काढ."

तो म्हणाला, "सर, धग लय हाये आत."

मी म्हणालो, "दोन वर्षं जातील रे."

तो गेला, तेजश्री. मी पाठवला म्हणून गेला. दोन पेट्या घेऊन बाहेर आला, तिसरीसाठी परत गेला. तिसरीचं प्लास्टिक वितळायला लागलं होतं. ते त्याच्या तळव्याला चिकटलं. त्यानं ती बाहेर आणून माझ्या पायाशी ठेवायचा प्रयत्न केला, पण ती हातातून सुटेना.

पहिल्या दोन पेट्यांतली नोंद माझ्या लेखात तिसरी आकृती म्हणून छापलेली आहे.

त्या आठवड्यात मी अहवाल लिहिला. तुझ्या वहीत वारा चौदा होता, मी आठ लिहिला. 'स्थानिक कर्मचाऱ्याने इशाऱ्यापूर्वीच आग लावली, व नंतर सूचना नसताना तो आत गेला.' हे वाक्य माझं. कोणी सांगितलं नव्हतं, दबाव नव्हता. तुझ्यापुढे कागद ठेवला तेव्हा तू फक्त एवढंच म्हणालीस, "यात वारा आठ आहे, सर." मी म्हणालो, "सही कर. तुझी पीएचडी यावर आहे." तू पेनाला टोपण लावलंस आणि गेलीस. मी जिन्यापर्यंतसुद्धा आलो नाही.

तो अहवाल केंद्राच्या माणसानं पिंपरझरीत नेऊन लोकांसमोर वाचला. मी तेव्हा गावाबाहेर गाडीत बसून होतो.

आज दुपारी हे सगळं सुलभाला वाचून दाखवलं. चाळीस वर्षांचा संसार आमचा, तरी तिला यातलं अक्षर माहीत नव्हतं. ती उठली, कुकरखालचा गॅस बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसली. म्हणाली, "मी त्याच्यासाठी तेव्हा तूप पाठवलं होतं दवाखान्यात. तुम्ही नेऊन दिलंत ना? त्याच्या तोंडाकडे बघून?"

मी हो म्हणालो.

"मग सोमवारी निघा," ती म्हणाली. "पत्र टाकलं म्हणजे झालं, असं समजू नका."

मुकुंद सगरोळीकर

*

तारनाका
८ एप्रिल २०२५

तेजश्री,

सोबत तीन कागदांच्या नकला आहेत. एक केंद्राला लिहिलेलं पत्र, एक नियतकालिकाला, लेख मागे घ्यावा म्हणून, आणि एक वनखात्याला. केंद्राच्या नव्या संचालकांचा फोन आला. "आता कशाला, सर? सगळं मिटलंय की." मी म्हणालो, माझ्याकडून मिटलं होतं.

निघण्याआधी दिलसुखनगरला गेलो. अंबाजीला सगळं ऐकवलं, काय लिहिलं होतं आणि का लिहिलं होतं. तो फाटकाला टेकून ऐकत होता. मधे दोन मुली आल्या, त्यांची नावं रजिस्टरात घेतली, पुन्हा ऐकायला लागला. शेवटी म्हणाला, "मले म्हाईत हाये ना सगळं. मीच तं होतो तिथं."

मी म्हणालो, तुझ्या गावात जाऊन हे सांगायचं आहे. तू नको म्हणालास तर नाही जाणार.

त्यानं रजिस्टर मिटलं. "मी येतो. पन मी काई बोलनार नाई. तुमी सांगजा."

पिंपरझरीत मोह पडायला लागला आहे. सकाळी सगळं गाव झाडांखाली असतं, म्हणून दुपारी शाळेच्या ओट्यावर माणसं जमली. पंचवीस-तीस असतील. उमाजी पुढे बसला होता, शेजारी त्याची बायको गंगू. अंबाजी माझ्या मागे, भिंतीशी उभा. आयुष्यभर वर्गात उभा राहत आलो तसा मी पुढे उभा राहिलो. एक म्हातारा म्हणाला, "बसून बोला, सायेब." मी उभाच राहिलो.

सांगितलं. वारा जास्त होता, मला माहीत होतं, आग लावायला मी सांगितलं. अंबाजीनं थांबू का म्हणून विचारलं होतं. तुमचे मोह माझ्यामुळे जळले. आत तो माझ्या पेट्यांसाठी गेला, मी पाठवला म्हणून. कागदावर जे लिहून आणलं होतं ते खोटं होतं आणि ते मी लिहिलं होतं.

मग गंगूबाईंनी विचारलं, "सहा वर्सं रस्ता भेटला नाई का तुमाले?"

"भेटत होता," मी म्हणालो. "मी आलो नाही."

उमाजी माझ्याकडे पाहतच नव्हता. तो भावाकडे पाहत होता. "मंग तू काहून नाई बोलला?"

अंबाजी बोलणार नव्हता. पण बोलला. आवाज चढवला नाही. "बोललो ना, दादा. पयल्याच दिवशी. हात बांधलेला होता, याच ओट्यावर बसून सांगतलं तुले. तू म्हनला, कागदावर लिवेल हाये."

तेजश्री, मी मनाशी काहीबाही तयारी करून गेलो होतो. शिव्या देतील, मारतील, हाकलतील. हे माझ्या मनात आलं नव्हतं. मला वाटत होतं त्याचा हात गेला, काम गेलं, गाव गेलं, एवढंच मी घेतलं. त्याच्या भावानं त्याचा शब्द ऐकला होता आणि माझ्या कागदापुढे तो खोटा धरला होता. हे तो सहा वर्षं एकटा घेऊन बसला होता, आणि त्याबद्दल त्यानं भावालाही कधी दोष दिला नाही.

उमाजी उठला. शेताकडे चालत गेला. माणसं पांगली. गंगूबाईंनी अंबाजीला हाक मारली, "भावजी, जेवून घ्या." मला त्यांनी पाणी आणून दिलं. जेवायला म्हटलं नाही, आणि ते योग्यच होतं.

उन्हं कलल्यावर मी मोहांची झाडं पाहिली. अकरापैकी चार पूर्ण वाळली आहेत. सात उभी आहेत. तीन-चारांचा बुंधा एका अंगानं पोखरला आहे, आत हात जातो. तरी यंदा सातही फुलली आहेत. त्यांचं पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही. पूर्वी सांगितलं असतं.

मी तिथे असतानाच उमाजी परत आला. अंबाजी एका बुंध्याशी बसला होता. उमाजी त्याच्यापासून चार हातांवर थांबला.

"नाल्याकडचे दोन तुया वाट्याचे," तो म्हणाला. "आमीच येचत होतो इतके दिवस. उद्यापासून तू येच."

अंबाजीनं उजवा हात खिशातून काढून मांडीवर ठेवला. "एका हातानं कितीक येचनार, दादा?"

उमाजी खाली बसला आणि भावाचा तो हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेऊन नुसता पाहत राहिला. मी तिथून निघालो.

मी शाळेच्या खोलीत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर नाल्याकडे गेलो तर दोघं झाडाखाली होते. अंबाजी डाव्या हातानं फुलं वेचत होता, उमाजी त्याच्या पुढे टोपली सरकवत होता. अंबाजीनं माझ्या फोनवरून हॉस्टेलला कळवलं की तो येणार नाही. मोहापुरता की कायमचा, हे मी विचारलं नाही. निघताना म्हणाला, "तेजूताईले सांगजा, नवे बिबळे रुजले हायेत दोन-तीन. यंदा ऊन कडक हाये, पन पाहू." भूखंडाच्या आत म्हणाला की बाहेर, तेही विचारायचं राहिलं.

मोजणीचे सगळे तक्ते वेगळ्या पाकिटात पाठवतो आहे. ते तुझे आहेत. प्रश्न तू विचारला होतास, उत्तर तुझं खरं ठरलं. लिहायचं असेल तर लिही. नाव तुझं आणि अंबाजीचं असावं असं मला वाटतं. माझं घालू नकोस. लिहायचं नसेल तर तक्ते तुझ्या बाबांकडे ठेव, मागायला येणार नाही.

सुलभा म्हणते, माफीचा शब्द तुम्ही चार पत्रांत एकदाही लिहिला नाहीत. खरं आहे. गावात म्हणालो, तुला लिहायला हात धजत नव्हता. तेजश्री, तुझी सहा वर्षं मी घेतली. मला माफ कर, असं म्हणतो. करायलाच हवं असं नाही.

उत्तराची वाट पाहणार नाही, असं लिहून संपवणार होतो. तेही खोटं होईल. पोस्टमन आमच्या गल्लीत साडेअकराला येतो. मी फाटकात असेन.

मुकुंद सगरोळीकर